तेता ओनाच्या गाडीचं मिसिंग

ओना दगुटिस वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली. नवरा जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. काझिस होता तोवर त्याने तिला स्टिअरिंगला बोटसुद्धा लावू दिलं नाही. चर्चला न्यायचा, बाजारात न्यायचा, पण चावी कायम त्याच्या खिशात. म्हणून ती बाटलीच्या काचेसारखी हिरवी, चौसष्ट सालची, सहा सिलिंडरची गाडी घेऊन बाई पहिल्यांदा एकटी चर्चच्या दारात उतरली, तेव्हा पायऱ्यांवरच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. मला नीट आठवतं, कारण तिला शिकवलं मीच होतं.

मी अल्बिन युर्कोनिस. पेनसिल्वेनियातल्या आमच्या भागात खाणीतून निघालेल्या दगडांचे ढीग डोंगरांशी उंचीत पैज लावतात. तिथल्या कूपर्स पॅच नावाच्या वस्तीच्या तोंडाशी माझं गॅरेज आहे. ओना माझ्या आईची मैत्रीण. आम्ही सगळे लिथुआनियातून आलेल्यांची लेकरं. आईच्या वयाच्या बाईला तेता म्हणायचं, बापाच्या वयाच्या माणसाला देदे, मग नातं असो की नसो.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात एका सोमवारी सकाळी तेता ओना गाडी घेऊन माझ्याकडे आली. उतरली ती दाराला धरूनच.

"अल्बिन, गाडी खोकते रे."

"खोकते म्हणजे?"

"काझिस खोकायचा तशी. सकाळी उठल्या उठल्या. टेकाड उतरेपर्यंत खोकते, मग थांबते."

शेगडीपाशी देदे प्रॅनस बसला होता. बेचाळीस वर्षं खाणीत काढलेला माणूस. फुप्फुसं कोळशाने भरलेली, त्यामुळे तो एका दमात पाच-सहा शब्दांपलीकडे जात नसे, पण ते पाच-सहा शब्द नेमके दुसऱ्याला टोचतील असे निवडायचा.

"मग डॉक्टरकडे ने, ओना," तो म्हणाला. "हा तर नुसता खाटीक आहे."

मी बॉनेट उघडलं. इंजिन चालू होतं, पण तालात नव्हतं. मध्येच एक ठोका चुकायचा, मग दोन बरोबर, मग पुन्हा चुकायचा. आमच्या धंद्यात याला मिसिंग म्हणतात. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नसली की असं होतं, आणि तो सिलिंडर शोधणं हे काही फार मोठं काम नाही. प्लग काढायचे. ज्याचा प्लग खराब, तो चोर.

मी सहाही प्लग काढून बाकावर ओळीने मांडले. सहाच्या सहा काळे होते. कंदिलाच्या काचेवर धरते तशी मऊ काजळी, बोट लावलं की निघणारी. म्हणजे चोर एक नव्हता. इंजिनाला पेट्रोल जास्त आणि हवा कमी मिळत होती. माणसाचं नाक दाबून त्याला पळायला लावावं तसं.

मी हवा आत सोडणारी चोकची झडप पाहिली. नीट उघडत होती. हवेचा फिल्टर मीच उन्हाळ्यात बदललेला, स्वच्छ. प्लग घासून बसवले, कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवला. गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली. मी तेताला चावी दिली.

"आता नाही खोकणार," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा राखेसारखा दिसत होता आणि ओठांवर निळसर झाक होती. थंडी असेल, असं मला वाटलं.

नऊ दिवसांनी ती परत आली. प्लग काढले, तर पुन्हा सहाच्या सहा काळे.

या वेळी मी कसर ठेवली नाही. कार्बोरेटर पूर्ण उकलून धुतला. आतला फ्लोट, सुई, सगळं तपासलं. सहाही सिलिंडरचा दाब मोजला, सारखा निघाला. गॅरेजचे दिवे मालवून वायरींवर पाणी शिंपडलं, कुठे ठिणगी गळतेय का ते पाहायला. अंधारात एकही निळी रेघ उठली नाही. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला तडा नव्हता. मग मी ती गाडी तीन दिवस स्वतः वापरली. घरी नेली, पहाटेच्या गारठ्यात सुरू केली, डोंगर चढवला. एकदाही चुकली नाही.

"गाडीला काही झालेलं नाही, तेता," मी सांगितलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी प्लग काढलेच नाहीत. खुर्ची पुढे केली. पंचवीस वर्षांच्या धंद्यात मी एवढं शिकलोय की हत्यारांनी दोष सापडला नाही की गाडी बाजूला ठेवायची आणि माणसाला विचारायचं.

"रोज करते का असं?"

"नाही. कधी कधी चार-चार दिवस काही नाही."

"मग कोणत्या दिवशी करते?"

तेताने हातमोजे काढून मांडीवर ठेवले, एकावर एक. "काझिस येतो त्या दिवशी," ती म्हणाली.

प्रॅनस काहीतरी चघळत होता, तो थांबला.

ती सांगत होती ते इतक्या साध्या आवाजात, की शेजारीण बटाटे मागायला येते असंच वाटावं. तेताचा दिवस तळघरातच जायचा. आमच्याकडे बऱ्याच घरांत तळघरातच रोजचं स्वयंपाकघर असतं, वरचं चांगलं घर पाहुण्यांसाठी. तिथे कोळशाची चूल, टेबल, रेडिओ. चुलीच्या बाजूच्या दारातून थेट गाडीच्या खोलीत जाता येतं. दोन खोल्या मिळून टेकाडाच्या पोटात खणलेल्या.

"आधी चूल मंदावते," ती म्हणाली. "कोळसा चांगला, तरी मंदावते. मग मारियामातेच्या तसबिरीपुढची मेणबत्ती विझते. वारा नसतो, काही नसतं. ज्योत बारीक होते आणि वातीवरून उठून जाते, जसं पाखरू उठून जावं. मग त्याचा श्वास ऐकू येतो. गाडीच्या खोलीतून. शेवटी शेवटी घ्यायचा ना, तसा. लांबलचक. आणि मग तो टेबलाशी बसलेला असतो."

"बोलतो?" मी विचारलं. मला वाटलं होतं मी हसेन. हसू आलं नाही.

"एकच बोलतो. 'वर जा, ओना. वर जाऊन झोप.' खोकतो आणि तेच पुन्हा. मी म्हणते, अरे, मला प्रार्थनेला जायचंय. तर हल्ली गाडीलाही धरून ठेवतो. त्याला कधीच आवडलं नाही मी गाडी चालवलेलं."

ती गेल्यावर मी प्रॅनसकडे पाहिलं. तो काहीतरी टोचून बोलेल म्हणून वाट पाहत होतो. पण तो शेगडीतल्या निखाऱ्यांकडे बघत होता.

"कोणते कोणते दिवस?" त्याने विचारलं.

"काय?"

"ती आली ते दिवस. लिहिलेत ना?"

मी वही काढून तारखा वाचल्या. त्याने डोळे मिटले. "त्या सोमवारी पाऊस लागला. त्या बुधवारी धुकं. आणि आज बघ."

खिडकीबाहेर आभाळ ढिगांच्या डोक्यावर टेकलं होतं.

"देदे, ओलाव्याने मिसिंग होतं म्हणता? ते मी पाहिलंय. वायरी कोरड्या आहेत."

"मी काहीच म्हणत नाही," तो म्हणाला. "तू तिच्या घरी जाऊन बघ."

पुढच्या मंगळवारी सकाळी वादळाची सूचना रेडिओवर होती. मी हत्यारांची पेटी घेऊन तेताकडे गेलो. तिचं घर टेकाडाच्या कडेला, वस्तीतलं शेवटचं. गाडीच्या खोलीकडे रस्त्यावरून एक उतार खाली जातो. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, तळाशी लाकडी दार. पाऊस पडला की पाणी साचेल असा तो खळगा होता.

मी दार सताड उघडलं. आत थंडी नव्हती. बाहेर बोटं कडक होत होती आणि आत ओलसर, उबट हवा होती, जशी गोठ्यात असते. वास मात्र गोठ्याचा नव्हता. कसलाच नव्हता. मला हवेला वासच नसल्याचं जाणवलं हे विचित्र आहे, पण तसं झालं खरं.

गाडी सुरू केली. दोन-तीन मिनिटं ठीक चालली. मग ठोका चुकला. मग आणखी एक. शेपटीकडून काळा धूर यायला लागला. मी बॉनेटवर वाकून एकेक प्लगची वायर काढून पाहिली. दोषी सिलिंडरची वायर काढली तर इंजिनला फरक पडत नाही, चांगल्याची काढली तर ते आणखी दबतं. सहाही वायरी काढून पाहिल्या. दर वेळी इंजिन सारखंच दबलं. सहाही सिलिंडर चांगले होते आणि सहाही गुदमरत होते. मी फिल्टरचं झाकण काढलं, चोकची झडप बोटाने पूर्ण उघडी धरली. हवा घे, बाई, हवी तेवढी घे. तरी काळाच धूर.

माझं डोकं ठणकायला लागलं होतं. धूर झाला असेल म्हणून मी दाराकडे पाहिलं. दार उघडंच होतं, पण फार लांब वाटलं. पाय जड झाले होते, आणि आपण घाईने श्वास घेतोय हे मला माझ्याच आवाजावरून कळलं.

इंजिन दोनदा दचकलं आणि बंद पडलं.

त्या शांततेत मागच्या कोपऱ्यातून एक श्वास ऐकू आला. माझा नव्हे. मी माझा रोखून धरला होता. तो लांब होता, शेवटाकडे किंचित घरघरणारा, आणि संपत नव्हता. कुठलाही माणूस इतका वेळ श्वास सोडत राहू शकत नाही. मी त्या बाजूला पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. मी गाडीच्या काचेकडे पाहत होतो, कारण काचेपलीकडे, ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर, कोणीतरी खांदे पाडून बसलंय असं मला वाटत होतं. मी खिशातून लायटर काढला. कशासाठी ते माहीत नाही, उजेडासाठी असेल. चाक घासलं. ठिणग्या पडल्या, ज्योत धरली नाही. पुन्हा घासलं. एक पिवळा थेंब वातीच्या वर, वातीला न चिकटता क्षणभर तरंगला आणि गेला.

"अल्बिन!"

उताराच्या माथ्यावर तेता उभी होती, घरातल्या सपातांत, एका हातात कणकेचं भांडं.

"अल्बिन, वर ये! आत्ताच्या आत्ता वर ये!"

मी गेलो. भिंतीला धरत, ओणवा होत गेलो. रस्त्यावर पोचल्यावर कडेला गुडघ्यांवर बसलो आणि सकाळचा नाश्ता तिथेच टाकला. थंड हवा छातीत गेली तशी डोळ्यांपुढचा अंधार मागे सरला. तेता माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"मला कुठलं कळतंय? त्याने सांगितलं. 'पोराला वर बोलाव' म्हणाला."

मी तिला घरात परत जाऊ दिलं नाही. माझ्या व्हॅनमध्ये बसवलं आणि गॅरेजवर आणलं. प्रॅनसला लायटरचं सांगितलं. त्याने पुढचं काही विचारलंच नाही. उठला, घरी गेला आणि एक पितळी दिवा घेऊन आला. खाणीतला, जाळीआड ज्योत असलेला. बेचाळीस वर्षांत त्या दिव्याने त्याला चार वेळा मागे फिरवलं होतं, असं तो सांगायचा.

आम्ही दोघं उताराच्या माथ्यावर उभे राहिलो. त्याने दिवा पेटवला, दोरीला बांधला आणि दगडी भिंतीच्या कडेने हळूहळू खाली सोडला. कंबरेएवढा खाली गेला, ज्योत लाल झाली. आणखी हातभर, ती वातीवर आडवी झाली. आणखी हातभर, आणि तिथे ज्योत नव्हतीच. कोणी फुंकल्यासारखी नव्हे. पाण्यात बुडवल्यासारखी.

"काळी हवा," प्रॅनस म्हणाला. धाप लागल्यामुळे तो तुकड्यातुकड्यांत बोलत होता. "खाली जुनी खाण आहे. बंद केलेली. लाकडं कुजतात, कोळसा हवा पितो. पिऊन झालेली हवा तिथेच साठते. जड असते. आभाळ उघडं असलं की खाण श्वास आत घेते. आभाळ उतरलं, दाब पडला... की बाहेर सोडते."

"आणि ही खोली तिच्या तोंडावर आहे."

"ओना त्या तोंडात बसून बटाटे सोलते," तो म्हणाला. "दोन वर्षं. मेली कशी नाही ते देवाला ठाऊक."

अग्निशमनवाले आले. त्यांच्यामागून राज्याच्या खाण खात्याची दोन माणसं यंत्रं घेऊन आली. त्यांनी अंगणात भोक पाडलं तेव्हा पस्तीस फुटांवर ड्रिल एकाएकी सुटून खाली गेलं. खाली पोकळी होती. जुन्या नकाशात तिथे एक बोगदा दाखवला होता. गाडीच्या खोलीतल्या मागच्या कोपऱ्यात, जिथून मी तो श्वास ऐकला, फरशीला बोटभर रुंदीची भेग होती. तिच्यावर धरलेला कागद वर उडत होता. खात्याच्या माणसाने मला सांगितलं की अशा हवेत डोकं दुखतं, ओठ निळे पडतात, आणि माणसाला नसलेलं दिसतं.

"आवाजही ऐकू येतात?" मी विचारलं.

"सगळं ऐकू येतं," तो म्हणाला.

घराला कुलूप लागलं. उताराच्या तळाचं दार फळ्या ठोकून बंद केलं. तेता गावात तिच्या भाचीकडे, एल्डोनाकडे राहायला गेली. तिसऱ्या मजल्यावरची खोली, दोन खिडक्या. गाडी तिथे खालीच रस्त्यावर उभी असायची, आणि त्या दिवसानंतर तिचं मिसिंग साफ गेलं.

दोन आठवड्यांनी मी भेटायला गेलो. तेताला ओळखणं कठीण होतं. गाल भरले होते, ओठांना रंग आला होता. मी आनंदाने म्हणालो, "दहा वर्षांनी लहान झालात, तेता."

तिने माझ्यापुढे बटाट्याचा कुगेलिस ठेवला आणि समोर बसली.

"काझिस येत नाही आता," ती म्हणाली.

मी काटा खाली ठेवला.

"मी इथे मेणबत्ती लावते. ती सरळ जळते. रात्रभर सरळ जळते. मेल्यावर तो दोन वर्षं माझ्याकडे येत होता, अल्बिन. जिवंतपणी एवढा बोलला नाही तेवढा मेल्यावर बोलला. तू गाडी दुरुस्त केलीस आणि त्याला दुसऱ्यांदा मारलंस."

"तेता, तो काझिस नव्हता. ती हवा होती."

"हवेला माझं नाव कसं ठाऊक?" ती म्हणाली. "आणि हवा मला वर जा का सांगेल? खालीच ठेवून घेईल ना?"

मी कुगेलिस संपवला, कारण न संपवणं बरं दिसलं नसतं.

नाताळच्या आठवडाभर आधी दुपारी दोनच्या सुमारास एल्डोनाचा फोन आला. तेता दुपारच्या प्रार्थनेला म्हणून गाडी घेऊन गेली होती, अजून परतली नव्हती. माझ्याकडे आली का? मी खिडकीकडे पाहिलं. पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं आणि धुक्याने रस्त्यापलीकडचा खांबसुद्धा पुसून टाकला होता. आभाळ यापेक्षा खाली उतरणं शक्य नव्हतं.

"अग्निशमनवाल्यांना दगुटिसच्या घराकडे पाठव," मी म्हणालो. प्रॅनस उठून उभा राहिला होता. "देदे, तुम्ही नका येऊ. तुम्हाला नाही झेपणार."

"दोरी घे," तो म्हणाला. "आणि आत श्वास घेऊ नकोस. एकही नाही."

टेकाडावर व्हॅन थांबवली तेव्हा मला समोरचं घरही दिसत नव्हतं. मी इंजिन बंद करून कान दिला. आधी काहीच नाही. मग धुक्याच्या पोटातून, खालून, तो आवाज आला. सहा सिलिंडरचं इंजिन, ताल सुटलेलं. तीन ठोके, एक चुकला. दोन ठोके, दोन चुकले. मी आयुष्यभर मिसिंग ऐकत आलोय, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे बंद पडू नये. ते धडपडत होतं तोवर आत अजून थोडी हवा होती.

मी उताराच्या माथ्याशी पोचलो आणि ते बंद पडलं.

दोरीचं एक टोक व्हॅनच्या मागच्या कडीला बांधलं, दुसरं माझ्या कंबरेला. मोठा श्वास भरला आणि खाली धावलो. फळ्या उचकटून बाजूला टाकलेल्या होत्या. तीस वर्षं शर्टाच्या कारखान्यात राबलेल्या तेताच्या हातांचं काम होतं ते, आणि तिचा बहुतेक वेळ त्यातच गेला असणार. गाडी नाक आत करून उभी होती, तिच्या शेपटीकडे धूर लोंबत होता. तेता ड्रायव्हरच्या जागेवर होती, डोकं बाजूला कललेलं, शेजारच्या जागेकडे. जणू कोणाचं तरी ऐकतेय. मी दार उघडलं, तिच्या काखांत हात घातले आणि ओढलं. छाती फुटायला आली होती. अर्ध्या उतारावर माझा श्वास सुटला आणि आत जे आलं त्याने गुडघे वितळले. पण तेवढ्यात कोणीतरी दोरी ओढायला लागलं होतं. अग्निशमनचे दोन गडी पोचले होते. आम्हा दोघांना त्यांनी पोत्यांसारखं वर काढलं.

तिला शुद्धीवर यायला वीस मिनिटं लागली. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, अंगावर घोंगडी. मी बाजूला बसलो होतो. तिने मुखवटा सरकवला.

"आला होता," ती म्हणाली.

"बोलू नका, तेता."

"आला होता, पण काझिस नव्हता तो." तिने माझं मनगट धरलं. मी तिला घाबरलेलं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं, काझिसच्या खोलीबाहेर डॉक्टर मान हलवत आला तेव्हासुद्धा. "चेहरा त्याचाच. टोपी त्याची. शेजारी बसला. पण खोकत नव्हता, अल्बिन. काझिसला खोकल्याशिवाय मिनिटभर बसता यायचं नाही. हा शांत बसला होता. म्हणाला, 'बस ना, ओना. घाई काय आहे?' मी दार उघडायला गेले तर म्हणाला, 'बस.' मग नुसता माझ्याकडे बघत राहिला. पापणी लवत नव्हती."

अग्निशमनवाल्याने मुखवटा पुन्हा बसवला. त्याने हे ऐकलं असणार, कारण नंतर तो उताराच्या तोंडाकडे पाठ करून उभा राहिला नाही.

गाडी त्यांनी दुसऱ्या दिवशी लांबून आकडा लावून ओढून काढली. मी प्लग काढले. सहाच्या सहा काळे. घासून पुन्हा बसवले. गाडी विकता का म्हणून मी तेताला विचारलं. "का विकू? गाडीने काय केलं?" ती म्हणाली. वसंतात खात्याने त्या बोगद्यात सिमेंट आणि राखेचा गारा भरला. मेमध्ये घर पाडलं. प्रॅनस ते पाहायला नव्हता. तो फेब्रुवारीत, आभाळ उतरलेल्या एका दिवशी, स्वतःच्या पलंगावर गेला. तेताने त्याच्या प्रार्थनेला आठ म्हाताऱ्या बायकांना दोन फेऱ्यांत गाडीतून नेलं. काझिसचं नाव तिने माझ्यापाशी पुन्हा काढलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

जुलैत हकलबेरी पिकतात. आमच्याकडे त्या खाणीच्या ढिगांवरच उत्तम येतात, निळ्याकाळ्या, बारीक. त्या वर्षी तेता मला घेऊन तिच्या जुन्या टेकाडावर गेली. दोघांच्या कमरेला डबे बांधलेले. घराच्या जागी आता गवत होतं. ऊन कडक, वारा अगदी पडलेला. आम्ही तासभर तोडत होतो, बोलत होतो. तिने मला भाचीच्या नवऱ्याचं घोरणं करून दाखवलं, मी हसून डबा सांडला.

सांडलेली फळं वेचत मी थोडा पुढे सरकलो, तिथे एक झुडूप फळांनी वाकलं होतं. कोणी हात लावलेला नव्हता. मी हात पुढे केला आणि थांबलो. त्या झुडपाच्या बुडाशी, टोपलीएवढ्या जागेत, गवताची पाती हलत होती. आडवी नव्हे. वर. एकेक पातं सावकाश वर उचललं जायचं, थांबायचं, आणि परत खाली बसायचं. बाकी सगळं टेकाड चित्रासारखं स्थिर होतं.

तेता माझ्यामागे येऊन उभी होती. तिनेही पाहिलं.

"इथली नकोत," ती म्हणाली. तिने माझा दंड धरून मला मागे घेतलं. "पुढे पुष्कळ आहेत. चल."